डाकघर बचत बँक

डाकघर बचत बँक : सर्वसामान्य लोकांच्या लहान लहान रकमा डाकघरांमार्फत ठेव म्हणून स्वीकारणारी, त्यांवर विहित दराने व्याज देणारी व मागणीनुसार त्या परत करणारी शासकीय बचत संस्था. लोकव्यवहारात ती ‘पोस्टातील खाते’ या नावाने ओळखली जाते. व्यापारी बँका ठेवी घेतात व त्यांतून कर्जे देतात. डाकघर बचत बँक मात्र कर्जव्यवहार करीत नाही. तिच्याकडील ठेव ही थेट केंद्र शासनाची देणी असून डाक खाते हे काम वित्त मंत्रालयाच्या वतीने, मोबदला घेऊन करते. भारतात ही बँक १ एप्रिल १८८२ रोजी सुरू झाली. देशातील दीड लाखांहून अधिक डाकघरांपैकी सु. नऊ दशांश डाकघरे ग्रामीण भागात असल्यामुळे खेड्यांत सर्वदूर पोहोचलेली ही सर्वांत जुनी बँकव्यवस्था ठरते. महाराष्ट्रात कोकणाच्या अंतर्भागात, विशेषतः महाड व पोलादपूर तालुक्यांपासून कशेडी घाटापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात, अनेक गावांना बँकेचा पहिला परिचय डाकघराच्या खिडकीतूनच झाला.

पूर्वेतिहास : गरिबांच्या बचतीसाठी स्वतंत्र संस्था असावी ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपात मूळ धरू लागली. हँबर्ग येथे १७७८ मध्ये अशा प्रकारची संस्था निघाली. स्कॉटलंडमधील रथवेल या खेड्यात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० मध्ये स्थापिलेली बचत बँक ही स्वतःच्या उत्पन्नावर चालणारी पहिली बचत बँक मानण्यात येते. तेथे ठेवींची रक्कम तीन कुलुपांच्या पेटीत ठेवीत आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या व्यक्तींकडे असत. एका माणसाच्या सचोटीवर सर्वांची पुंजी अवलंबून राहू नये, हे बचत बँकेचे मूलतत्त्व या साध्या पेटीत स्पष्ट दिसते.

खाजगी विश्वस्तांच्या बचत बँका इंग्लंडमध्ये झपाट्याने वाढल्या. तथापि त्या मुख्यतः शहरांत होत्या, आठवड्यातील थोडे तासच उघड्या असत आणि त्यांपैकी काहींत अपहारही झाले. डाकघरे मात्र गावोगाव होती व रोज उघडत. या सोयीचा लाभ घेण्याच्या उद्देशाने ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून डाकघर बचत बँक स्थापिली. पुढे जपान (१८७५), फ्रान्स (१८८१) व ऑस्ट्रिया (१८८३) इ. देशांनी या पद्धतीचा अवलंब केला. अमेरिकेत ती १९११ मध्ये सुरू झाली व १९६०–७० च्या दशकात बंद करण्यात आली.

भारतातील स्थापना : भारतातील पहिल्या शासकीय बचत बँका इलाख्यांच्या राजधान्यांत निघाल्या. कलकत्ता येथे १८३३ मध्ये, मद्रास येथे त्यानंतर लवकरच व मुंबई येथे १८३५ मध्ये सरकारी खजिन्याला जोडून त्या स्थापन झाल्या. १८६०–७० च्या दशकाच्या मध्यास या बँकांचे व्यवस्थापन इलाखा बँकांकडे सोपविण्यात आले. मुंबईत हे काम ‘बँक ऑफ बाँबे’कडे आले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या भावाबरोबर मुंबईत शेअरांचा सट्टा उसळला व १८६५ मध्ये तो कोसळला. त्यात बँक ऑफ बाँबे बुडाली व १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. सरकारी पाठबळ असलेली मातबर बँकही बुडू शकते, हे यामुळे मुंबईच्या लोकांना प्रथमच प्रत्ययास आले.

१८७० मध्ये देशातील निवडक जिल्हा कोषागारांत बचत बँका उघडण्यात आल्या आणि १८७३ मध्ये शासकीय बचत बँक अधिनियम संमत झाला. ठेवीदार मृत झाल्यास रक्कम कोणास द्यावी, अज्ञान मुलाच्या नावावरील ठेव कशी परत करावी इ. व्यवहारातील नित्याच्या प्रश्नांची उत्तरे या छोट्या अधिनियमात होती. विवाहित स्त्रीच्या नावावरील ठेव तिची तिलाच देता येईल, अशीही तरतूद त्यात होती. स्त्रीच्या हातातील पैशावर घरच्यांचा हक्क गृहीत धरला जाण्याच्या काळात या तरतुदीचे महत्त्व मोठे होते. हाच अधिनियम २०१८ मध्ये सुधारून ‘शासकीय बचत प्रोत्साहन अधिनियम’ या नावाने पुढे चालू ठेवण्यात आला.

जिल्ह्याच्या ठिकाणी कोषागारात जाऊन चार-आठ आणे ठेवणे खेड्यातील माणसाला शक्य नव्हते. जाण्यायेण्याचा खर्चच बचतीहून अधिक होई. म्हणून १८८२ मध्ये हे काम डाकघरांकडे आले. १८८६ मध्ये जिल्हा कोषागारांतील बचत बँका डाकघरांत विलीन झाल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इलाखा शहरांतील बचत बँकांचे कामही डाकघरांकडे गेले. तत्पूर्वी १८८० मध्ये मनीऑर्डरीचे काम कोषागारांकडून डाकघरांकडे सोपविण्यात आले होते. दुरून आलेला पैसा हाती पडण्याची जागा व तो शिल्लक टाकण्याची जागा एकच झाली. खेड्यांतील बचतीच्या दृष्टीने हा योग महत्त्वाचा ठरला.

वास्तू : बचत बँकेच्या वास्तूला दोन परस्परविरोधी अपेक्षा पुऱ्या कराव्या लागतात. ठेवीदाराला आपला पैसा सुरक्षित आहे असे वाटण्याइतकी ती भक्कम हवी आणि अनवाणी माणसालाही आत शिरताना संकोच वाटू नये इतकी ती साधी हवी. व्हिएन्ना येथील ऑस्ट्रियाच्या डाक बचत बँकेची वास्तू (१९०४–०६; विस्तार १९१०–१२) या प्रश्नाचे प्रसिद्ध उत्तर मानली जाते. तिचा वास्तुशिल्पी ओटो वाग्नर याने दर्शनी भिंतींवर दगडी फरश्या बसवून त्यांचे खिळे झाकण्याऐवजी उघडे दाखविले आणि मधल्या दालनाला काचेचे छत देऊन ठेवीदारांच्या कामाच्या जागी भरपूर प्रकाश आणला. खजिन्याच्या अंधाऱ्या खोलीऐवजी उजेडातला व्यवहार हे तेथे विश्वासाचे चिन्ह ठरले.

मुंबईचे प्रधान डाकघर याच काळातील होय. जॉन बेग याने त्याचा आराखडा १९०२ मध्ये तयार केला. बांधकाम १९०४ मध्ये सुरू होऊन ३१ मार्च १९१३ रोजी पूर्ण झाले व त्यास सु. १८ लाख रुपये खर्च आला. बांधकामाच्या देखरेखीत जॉर्ज विटेट याचा सहभाग होता. काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळसर दगड व ध्रांगध्र्याचा पांढरा दगड यांचा वापर असलेली ही वास्तू इंडो-सारसेनिक शैलीची असून तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला आहे. घुमटाखालील विस्तीर्ण मध्यवर्ती दालनाभोवती लोकव्यवहाराच्या खिडक्या आहेत. डाकेसाठी एवढ्या भव्यतेची आवश्यकता नव्हती, असे म्हणता येईल. परंतु जेथे गिरणी कामगार, घरगडी, दर्यावर्दी व छोटे दुकानदार आपली शिल्लक ठेवणार, त्या जागेच्या घुमटाने राज्यसत्तेची हमी डोळ्यांना दाखविली. विदर्भात नागपूरचे प्रधान डाकघर (१९१६–२१) याच परंपरेतील होय.

तालुक्याच्या गावी ही भव्यता संपते. तेथील डाकघर म्हणजे बहुधा कौलारू छपराची, ओट्याची, जाळीच्या खिडक्यांची दोन-तीन खोल्यांची इमारत. कित्येकदा तीही भाड्याची. आतील महत्त्वाची वस्तू म्हणजे जमिनीत किंवा भिंतीत पक्की बसविलेली लोखंडी पेटी. गावातील शाखा डाकघराला तर स्वतःची इमारत सहसा नसतेच. पूर्वी हे काम पुष्कळ ठिकाणी शाळामास्तर अल्प भत्त्यावर पाहत. खात्याबाहेरील सेवक म्हणून नेमले जाणारे व पुढे ग्रामीण डाकसेवक या नावाने ओळखले जाऊ लागलेले शाखा डाकपाल डाकघराची जागाही स्वतःच पुरवीत आले. एखाद्या घराची ओसरी, पडवीचा कोपरा किंवा दुकानाचा अर्धा भाग, एक टेबल, लाकडी पेटी, तारखेचा शिक्का, शाईची गादी व भिंतीवरील पाटी एवढ्यावर शासनाची बँक उभी राहते.

या व्यवस्थेचा मोठा लाभ असा की, इमारतीच्या खर्चावाचून बँक दुर्गम वाडीपर्यंत पोहोचली. तिचा दोषही याच व्यवस्थेत होता. सार्वजनिक कार्य खाजगी घराच्या ओसरीवर चालले की, त्या घराचे सामाजिक रीतिरिवाज त्या कार्याला चिकटण्याचा धोका असतो. ज्या समाजात काही जातींच्या माणसांना ओटा चढू दिला जात नसे, तेथे खाते सर्वांसाठी खुले असूनही खिडकीपर्यंतचा रस्ता सर्वांसाठी सारखा असेलच असे नव्हते. मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावान्वये १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा, न्यायालये व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करण्याचे धोरण मान्य झाले. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, तरी तो अंमलात न आल्यामुळे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह करावा लागला. कागदावरील खुलेपणा व प्रत्यक्षातील खुलेपणा यांत किती अंतर असते, हे महाडने साऱ्या देशाला दाखविले. सार्वजनिक सेवेची जागा कोणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न त्यामुळे केवळ बांधकामाचा राहत नाही.

महाड–पोलादपूर–कशेडी परिसर : सावित्री नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश पूर्वेस सह्याद्रीने बंद केला आहे. मुंबई–गोवा मार्ग महाड व पोलादपूर ही गावे ओलांडून कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात उतरतो. पोलादपूरहून दुसरा रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे जातो. पाऊस वर्षाला ३,००० मिमी. पेक्षाही अधिक, जमीन उताराची, भात, नागली व वरी ही मुख्य पिके आणि वाड्या एकमेकींपासून डोंगरांनी तुटलेल्या, अशी येथील परिस्थिती आहे. एका हंगामाच्या शेतीवर वर्ष निघत नसल्याने घरटी एक-दोन माणसे मुंबईस जाण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पडली. परळ–लालबागच्या गिरण्यांत, गोदीत व खाणावळींच्या आधाराने राहणाऱ्या या चाकरमान्यांची मनीऑर्डर हा गावाकडच्या घराचा एक मोठा आधार होता.

सैन्यातील नोकरी हा रोख पैशाचा दुसरा स्रोत होय. महाड तालुक्यातील फौजी आंबवडे हे गाव त्याच्या सैनिकी परंपरेमुळे नावाजलेले आहे. सैनिकाच्या घरी येणारी रक्कम आणि निवृत्तीनंतरचे वेतन यांमुळे शेतीवर अवलंबून नसलेला, ठराविक तारखेला येणारा पैसा गावात आला. बचतीच्या दृष्टीने रकमेच्या आकारापेक्षा तिची नियमितता अधिक महत्त्वाची असते. महिन्याला येणाऱ्या थोड्या पैशातून दोन रुपये बाजूला काढणे शक्य होते. सुगीला एकदम आलेला पैसा मात्र देणी फेडण्यातच जातो.

हा पैसा ठेवण्याच्या इतर जागा थोड्या होत्या. घरात उतरंडीच्या मडक्यात किंवा कणगीत ठेवलेली रोकड आग, चोरी व घरातील निकड यांपासून सुरक्षित नसे. सोन्याचा मणी घडवून ठेवावा तर गरजेच्या वेळी तो गहाण पडे. खोत किंवा सावकार यांच्याकडे ठेव ठेवणे म्हणजे आपली ऐपत ज्याच्यापासून लपवायची त्यालाच ती सांगणे होय. डाकघरातील खाते या दृष्टीने वेगळे होते. खातेदाराची शिल्लक इतरांना सांगण्यास नियमाने बंदी होती. मुंबईत उघडलेले खाते गावच्या डाकघराकडे वर्ग करून घेता येई. त्यामुळे गिरणीत साठविलेली पुंजी अंगावर बाळगून घाट ओलांडण्याची गरज उरली नाही. लग्नकार्य, घराची शाकारणी, बैल खरेदी, आजारपण, गणपती व शिमगा हे खर्चाचे प्रसंग ठरलेले असल्याने त्यांसाठी थोडी थोडी शिल्लक टाकण्याची सवय या खात्यांमुळे लागू शकली.

या मनीऑर्डर-अर्थव्यवस्थेला मोठा धक्का १९८२ मध्ये बसला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सु. अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधीच मिटला नाही आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. गावाकडे येणारा पैशाचा ओघ आटला व अनेकांना मुंबई सोडून परतावे लागले. अशा काळात बचत म्हणजे केवळ व्याजाचे साधन राहत नाही. पुढची नोकरी मिळेपर्यंत घर तगविणारी ती शिदोरी असते.

कार्यपद्धती : डाकघर बचत बँकेची सुरक्षितता कोणत्याही एका इमारतीत किंवा व्यक्तीत नसून एकाच व्यवहाराची नोंद दोन ठिकाणी होण्यात आहे. संगणकपूर्व काळात खातेदार शाखा डाकघरात रक्कम भरी तेव्हा शाखा डाकपाल ती आकड्यांत व अक्षरांत पासबुकात लिही, सही करी व तारखेचा शिक्का मारी. त्याच वेळी ती रक्कम शाखेच्या रोजनाम्यात चढे. त्या दिवसाचा हिशेब डाकेच्या थैलीतून वरिष्ठ डाकघराकडे जाई व तेथील खतावणीत त्या खात्याच्या नावावर जमा होई. व्याजाची आकारणी खतावणीवरून होई. त्यासाठी पासबुक वरिष्ठ डाकघराकडे पाठवावे लागे. मोठी रक्कम काढावयाची झाल्यास वरिष्ठ कार्यालयाची पूर्वमंजुरी लागे. निरक्षर खातेदाराचा अंगठा साक्षीदारासमोर घेतला जाई.

अपहाराचा सर्वसामान्य प्रकार या साखळीची एक कडी तोडण्याचा असतो. रक्कम पासबुकात लिहावयाची पण रोजनाम्यात चढवावयाची नाही, किंवा विश्वासाने पासबुकच डाकपालाकडे ठेवून गेलेल्या खातेदाराच्या नावाने रक्कम काढावयाची, असे त्याचे स्वरूप असते. म्हणून तपासनीस गावात जाऊन काही पासबुके गोळा करतात व खतावणीशी ताडून पाहतात. पासबुक स्वतःजवळ ठेवणे, नोंद व शिक्का तेथल्या तेथे पाहून घेणे व ते वेळोवेळी तपासणीस देणे ही खातेदाराची कामे होत. ओळखीच्या माणसावरील विश्वास हे ग्रामीण डाकघराचे बळ आहे. तपासणीची जागा त्या विश्वासाने घेतली की तेच बळ उणीव ठरते.

बचत खात्यावरील व्याज प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर आकारले जाते. त्यामुळे महिन्याच्या दहा तारखेपर्यंत भरलेल्या रकमेवर, ती काढून न घेतल्यास, त्या महिन्याचे व्याज मिळते. त्यानंतर भरलेल्या रकमेवर मिळत नाही. डिसेंबर २०११ मध्ये हा दर द. सा. द. शे. ४ करण्यात आला. खातेदाराने वारस म्हणून नामनिर्देशन केले असल्यास त्याच्या मृत्यूनंतर रक्कम त्या व्यक्तीस मिळते. नामनिर्देशन नसल्यास रकमेच्या मर्यादेनुसार वारसाहक्काचे पुरावे द्यावे लागतात.

योजना व निधीचा विनियोग : साध्या बचत खात्याच्या जोडीला डाकघरांनी वेळोवेळी इतर योजना चालविल्या. पहिल्या महायुद्धाच्या खर्चासाठी १९१७ मध्ये पाच वर्षांची रोख प्रमाणपत्रे व दुसऱ्या महायुद्धात संरक्षण बचत प्रमाणपत्रे विकण्यात आली. स्वातंत्र्योत्तर काळात पंचवार्षिक योजनांसाठी साधनसंपत्ती उभी करण्याच्या हेतूने अल्पबचतीची चळवळ उभारण्यात आली. आवर्ती व मुदत ठेवी (१९७०), मासिक प्राप्ती योजना (१९८७), किसान विकास पत्र (१९८८; २०११–१४ मध्ये खंडित) व सुकन्या समृद्धी योजना (२०१५) या त्यांपैकी काही प्रमुख योजना होत. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेने स्त्री-अभिकर्त्यांना घरोघर जाऊन आवर्ती ठेवींचे हप्ते गोळा करण्याचे काम दिले. त्यामुळे अनेक स्त्रियांना घराजवळ उत्पन्नाचे साधन मिळाले.

या बचतीचा मोठा भाग केंद्र शासन दीर्घकाळ राज्यांना कर्जाऊ देत असे. १९९९ पासून सर्व अल्पबचती राष्ट्रीय अल्पबचत निधीत जमा होतात. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर २०१६ पासून महाराष्ट्रासह बहुतेक राज्ये या निधीच्या कर्जव्यवस्थेतून बाहेर पडली. परिणामी ज्या गावात बचत झाली त्या गावाला तिच्यातून कर्ज मिळत नाही, ही डाकघर बचत बँकेची मूळचीच मर्यादा आजही कायम आहे. ही उणीव भरून काढण्याचे कार्य सहकारी पतसंस्था व नागरी सहकारी बँका यांच्याकडे आले. पुणे येथील कॉसमॉस बँक व मुंबईची शामराव विठ्ठल बँक या दोन्ही संस्था १९०६ मध्ये, म्हणजे १९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमानंतर लवकरच, स्थापन झाल्या. महाडमध्येही अण्णासाहेब सावंत यांच्या नावाची नागरी सहकारी बँक आहे. [⟶ बँका आणि बँकिंग, सहकार].

कसोटीचे प्रसंग : मुंबईच्या प्रधान डाकघराची वास्तू ज्या वर्षी पूर्ण झाली त्याच वर्षी, म्हणजे १९१३ च्या अखेरीस, इंडियन स्पेसी बँक व इतर अनेक देशी बँका बंद पडल्या. पुढील वर्षी महायुद्ध सुरू होताच घाबरलेल्या लोकांनी डाकघरांतूनही ठेवी काढून घेण्यासाठी गर्दी केली. शासनाने मागणीनुसार रकमा परत दिल्या व कालांतराने ठेवी पुन्हा वाढू लागल्या. भीतीच्या वेळी पैसे मागितल्याबरोबर मिळणे, हेच ठेवीदाराला पैसे परत आणून ठेवण्यास प्रवृत्त करते, हा बँकव्यवहारातील जुना अनुभव येथेही आला.

१९६० मध्ये केरळमधील पलाई सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बंद पडल्यानंतर संसदेने ठेव विमा महामंडळ स्थापिले (१९६२). आरंभी प्रत्येक ठेवीदारामागे १,५०० रुपयांपर्यंत असलेले हे संरक्षण टप्प्याटप्प्याने वाढून फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये झाले. रायगड जिल्ह्यात पेण नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले. त्या बँकेचे ठेवीदार लाखांच्या संख्येत होते व त्यांत शेतकरी, मूर्तिकार, निवृत्त कर्मचारी असे अल्प उत्पन्नाचे लोक मोठ्या प्रमाणात होते. ठेव विमा बँकांना लागू आहे. पतसंस्थांना तो लागू नाही, ही गोष्ट पुष्कळ ठेवीदारांना संस्था अडचणीत आल्यावरच कळते. डाकघरातील ठेवीस विम्याची गरज नसते, कारण ती पूर्णतः शासनाची देणी असते. इमारत, नामफलक व व्याजाचा दर यांवरून या तीन प्रकारच्या ठेवींतील भेद ओळखता येत नाही. तो त्यांमागील कायद्यावरूनच ओळखावा लागतो.

नैसर्गिक आपत्ती व नोंदींचे रक्षण : महाड परिसरात बचतीच्या नोंदींना पाण्याचे भय असते. सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाडच्या सखल भागात पुराचे पाणी शिरण्याचे प्रसंग वारंवार येतात. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्यू पावली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या व महाड शहर पुरात बुडाले.

अशा आपत्तीनंतर घरातील कागदपत्रांबरोबर पासबुकही नाहीसे होते. पूर्वी अशा वेळी दुसऱ्या ठिकाणची खतावणी सुरक्षित असणे हाच एक आधार होता. डाकघरांत २०१३ पासून संगणकीय मध्यवर्ती बँकप्रणाली टप्प्याटप्प्याने आली आणि शाखा डाकघरांना हातातील यंत्रे मिळाली. त्यामुळे पासबुक वाहून गेले तरी खाते वाहून जात नाही. तथापि नवी प्रणाली विजेवर व दूरसंचाराच्या जाळ्यावर अवलंबून आहे. पुरात नेमके हेच प्रथम खंडित होते. शिवाय कुटुंबातील अनेक माणसे एकाच वेळी गेल्यास खातेदार व नामनिर्देशित व्यक्ती हे दोघेही मृत असू शकतात. तळीये येथे शोधकार्य थांबवून बेपत्ता व्यक्तींना मृत घोषित करावे लागले. अशा कुटुंबातील मागे राहिलेल्या माणसाला आपला हक्क सिद्ध करण्यासाठी दाखल्यांची साखळी उभी करावी लागते. म्हणून कुटुंबातील एकाहून अधिक व्यक्तींचे, शक्य तर वेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तीचे, नामनिर्देशन करणे डोंगरी भागातील खातेदारांच्या विशेष हिताचे असते.

सद्यःस्थिती व महत्त्व : १ सप्टेंबर २०१८ रोजी डाक खात्याची स्वतंत्र पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली व डाकसेवकामार्फत घरपोच बँकसेवा देण्याचा प्रयत्न सुरू झाला. व्यापारी बँकांच्या शाखा, एटीएम व भ्रमणध्वनीवरील व्यवहार यांमुळे डाकघराची मक्तेदारी उरलेली नाही. कशेडी घाटाखालील बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवात वाहतुकीस खुली झाल्यापासून प्रवासही सुकर झाला आहे. तरीही ज्या वाडीतील तरुण मुंबई, पुणे वा सुरतेत आहेत व मागे वृद्धच राहिले आहेत, तेथे ओळखीचा डाकसेवक, शिक्का मारलेले पासबुक व चालत जाण्याच्या अंतरावरील खिडकी यांचे महत्त्व कमी झालेले नाही.

सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या इतिहासात मुंबईच्या घुमटाखालील दालन आणि कशेडीच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतील ओसरी ही एकाच बँकेची दोन टोके राहिली आहेत. घुमटाने लोकांच्या मनात शासनाच्या हमीचा ठसा उमटविला. ओसरीने ती हमी त्यांच्या दारापर्यंत नेली. परंतु ठेव सुरक्षित राहिली ती यांपैकी कोणत्याही भिंतीमुळे नव्हे, तर दुसऱ्या ठिकाणी झालेल्या नोंदीमुळे, तपासणीमुळे व मागणीबरोबर रक्कम परत करण्याच्या कायदेशीर बांधिलकीमुळे. या तिन्हींची जपणूक ज्या डाकघरात होते, त्याचे छप्पर कौलारू असो वा घुमटाचे, ती बँक म्हणून समर्थ ठरते.